फादर योनांच्या दारावरची थाप

हूफडॉर्प

माझ्या मुलीचं हॉलंडमधलं घर तळ्याच्या तळाशी आहे. यात अतिशयोक्ती नाही. काही पिढ्यांपूर्वी इथे एवढं मोठं तळं होतं की वादळात त्यात जहाजं बुडत. डच लोकांनी पंप लावून ते उपसलं, तळाच्या चिखलावर आधी शेती केली, मग विमानतळ बांधला आणि आता आमच्यासारख्यांच्या मुलामुलींसाठी वसाहती. मृणालच्या बाल्कनीत चहा पिताना आपल्या डोक्यावरून कधीकाळी बोटी जात असतील, हा विचार माझी पाठ सोडत नसे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "अहो, चहा गार होतोय. बोटींचं मागाहून बघा."

मी जन्माचा भित्रा. पुण्यात विमा कंपनीत नोकरी केली, तिथे भीती हा गुणच समजला जातो. पुढे जे सांगणार आहे ते भित्र्या माणसाने पाहिलेलं आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं आणि त्या मानाने वजावट करून घ्यावी.

नोव्हेंबरात एका संताच्या सणाला इथली पोरं कागदी कंदील घेऊन संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. पहिली बेल वाजली तसा मी आतूनच ओरडलो, "या, या ना, दार उघडंच आहे." दार अर्थातच बंद होतं. मृणाल हसत सुटली.

"बाबा, इथे आत कोणी येत नसतं. दारातच चॉकलेट द्यायचं. इथे सख्ख्या बहिणीकडे जायचं तरी अपॉइंटमेंट लागते."

"मग खिडक्यांना पडदे का नाहीत?"

खरोखरच नाहीत. रस्त्याने जाताना प्रत्येकाचं जेवणाचं ताट दिसतं. हवं तितकं बघा, पण येऊ नका, असा सगळा मामला. आम्ही चिपळूणकडचे. तिन्हीसांजेला दिवा लागला की पुढचं दार सताड उघडं टाकायचं, लक्ष्मीची वेळ म्हणून. त्या वेळी दाराशी कोणी आलं तर 'कोण' विचारण्याआधी 'या' म्हणायचं. ही सवय हाडात मुरलेली आहे, ती तळ्याच्या तळाशीही सुटत नाही.

त्याच दिवशी शेजारचा हान्स दाराशी आला आणि अर्थातच दारातच उभा राहिला. हान्स मधमाश्या पाळतो, आणि मेण उत्तरेकडच्या एका रशियन मठाला मेणबत्त्यांसाठी नेऊन देतो. स्वतः मात्र कुठल्याच देवाला मानत नाही. मठाचं छप्पर दुरुस्त करायला तो चार दिवस निघाला होता. मला म्हणाला, "चल बरोबर. तू दिवसभर पाऊस बघत बसतोस, मला माझ्या खिडकीतून दिसतं."

"जा ना बाबा," मृणाल म्हणाली. "तेवढाच चेंज. फक्त नेटवर्कचा भरवसा नाही तिकडे."

बायकोने बेसनाच्या लाडवांचा डबा भरून दिला. साधू कुठलेही असोत, रिकाम्या हाताने जायचं नसतं.

बांधामागे

हान्स गाडी चालवताना बोलत नाही, त्यामुळे वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. देशाच्या अगदी उत्तरेला, जमीन संपते तिथे, मातीचा एक लांबलचक हिरवा बांध आहे आणि त्याच्यावर मेंढ्या. पलीकडे समुद्र आहे असं कळल्यामुळे मी धापा टाकत चढलो, तर समुद्र नव्हताच. ओहोटीला तो क्षितिजापर्यंत मागे जातो आणि उरतो नुसता करडा, चकचकीत चिखल, नजर जाईल तिथवर. आवाज नाही, पक्षी नाही. कोकणात मी जन्मभर ओहोटी पाहिली, पण आमचा समुद्र निदान गावात असतो. हा घर सोडून गेल्यासारखा गेला होता.

मला तिथे उभं राहवेना. घाईने उतरताना मेंढ्यांच्या लेंड्यांवरून घसरलो आणि थेट पायथ्याशी बसूनच पोचलो. पँटची गत सांगण्यासारखी नव्हती. पुढचे दिवस मी हान्सच्या कामाच्या तुमानीत काढले, पाय चार घड्या वर दुमडून.

मठ म्हणजे एक जुनं शेतघर. गोठ्याचं प्रार्थनाघर केलेलं, त्यात धुरकटलेल्या सोनेरी तसबिरी आणि मेणाचा वास. राहणारी माणसं दोनच. एक मदर अ‍ॅना, साठी उलटलेल्या, उंच, नखशिखांत काळ्या वस्त्रातल्या डच बाई. पूर्वी लायडनला एका प्रयोगशाळेत नोकरी करत होत्या. दुसरे फादर योना, नव्वदीचे रशियन साधू. सोव्हिएत राज्यात मठ बंद पडले तेव्हा यांना पकडून आधी श्रमछावणीत, मग वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. ते राज्य गेल्यावर इथल्या भाविकांनी त्यांना बोलावून घेतलं. मदर अ‍ॅना तेव्हापासून त्यांची सेवा करतात.

लाडू पाहून मदर हरखल्या, पण शुक्रवार होता. शुक्रवारी त्यांना दूध-तूप चालत नाही. उपासाच्या दिवशी तूप चालत नाही हे ऐकून मला गंमत वाटली, आमच्याकडे उपास म्हणजे तुपाचीच चंगळ. डबा फळीवर गेला. हान्सला कुठलाच उपास नसल्यामुळे त्याने येता-जाता तो बराच हलका केला.

मग मदरनी मला घराचा नियम सांगितला. घराच्या मधून एक लांब बोळ जातो आणि त्याच्या कडेने खोल्या. कुणाच्याही खोलीत जायचं तर दारावर थाप मारायची आणि म्हणायचं, "आमच्या पवित्र पित्यांच्या प्रार्थनेने, प्रभू येशू, आमच्यावर दया कर." आतून 'आमेन' आलं तरच दार ढकलायचं. आमेन आलं नाही तर मुकाट परत फिरायचं. मठांमधली फार जुनी रीत.

"फादर योना कुणालाच आमेन देत नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. आम्ही बोळाच्या टोकाच्या दाराशी उभे होतो. त्याच्या अलीकडची खोली माझी. "आजवर कुणालाच नाही. मी त्यांची खोली आतून पाहिलेली नाही. ते स्वतः बाहेर यायचे, प्रार्थनेला, जेवायला. आता चालवत नाही. मी ताट दाराशी ठेवते आणि लांब जाते, मग दार उघडतं. हाउसआर्ट्स येतात, आमचे फॅमिली डॉक्टर, त्यांनाही ते बाहेर स्वयंपाकघरात येऊनच भेटले. डॉक्टर म्हणाले, हृदय संपलंय. केव्हाही."

"मग?"

"मला एकच भीती वाटते. ते आत प्राण सोडत असतील, आणि मी बाहेर आमेनची वाट बघत उभी असेन."

हान्स मागून म्हणाला, "माझ्याकडे पहार आहे. एक मिनिटाचं काम."

"त्यांच्या दारातून न विचारता आत गेलेली माणसं पोलिसांची होती," मदर म्हणाल्या. "मी त्यांच्यातली होणार नाही."

तिन्हीसांज

तिथे त्या दिवसांत चार वाजून गेले की उजेड विटायला लागतो. हान्स छपरावर होता, मदर प्रार्थनाघरात. मी खोलीत खाटेवर बसून तुमानीच्या घड्या सारख्या करत होतो. बोळात पावलं वाजली. सावकाश, ओढत आल्यासारखी. दारावर थाप पडली आणि एक पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीत काहीतरी म्हणू लागला. रशियन असावं. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती; मदरनी दुपारी म्हणून दाखवलं होतं तेच.

मला वाटलं, कुणी भाविक आलाय. मी खाटेवरूनच म्हणालो, "या, या ना. उघडंच आहे."

आवाज मध्येच थांबला.

कोणी आत आलं नाही. मी उठून दार उघडलं. बोळात कोणी नव्हतं. टोकाच्या खिडकीतून करडा उजेड येत होता आणि ओल्या लोकरीचा दाट वास भरला होता. आसपास मेंढ्या आहेत, वास येणारच, असं मी स्वतःला समजावलं. छपरावर हान्सचा हातोडा वाजत होता. गोठ्यातून मदरचा आवाज येत होता. थाप माझ्या दारावर नव्हे, शेजारच्या दारावर पडली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि त्या दाराच्या आत, अगदी लाकडाला लागून, कुणीतरी श्वास घेत होतं.

माझ्या लहानपणी गावात हाकामारीची आवई उठली होती. संध्याकाळी दाराबाहेरून एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारते, आणि जो ओ देतो तो रक्त ओकून मरतो. घरोघर दारांवर बिब्ब्याच्या फुल्या मारल्या होत्या. आमच्या आईने एकटीने मारू दिली नाही. म्हणाली, "बाई भुकेली असली तर?" मी मात्र त्या महिन्यात रोज पांघरुणात तोंड खुपसून झोपलो. इतक्या वर्षांनी तीच भीती परत आली. मी दार घट्ट लावून घेतलं.

रात्री वाटाण्याच्या दाट सूपवर मी झालेलं सांगितलं.

"वारा," हान्स म्हणाला. "जुनी तुळई आहे. रोज या वेळी वारा फिरतो."

मदरनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"आत या, म्हणालो."

त्यांनी बोळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तो रोज येतो. फादरनी सांगितलंय, 'तो माझ्याकडे आलाय, तुम्ही बोलू नका.' नव्या माणसाला ऐकू येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. माझंच चुकलं."

हान्सने आणखी सूप वाढून घेतलं आणि तुळयांचं लाकूड हवेतल्या दमटपणाने कसं फुगतं ते मला सविस्तर समजावून सांगितलं. मला ते सगळं पटलं. तरी झोपताना मी खुर्ची दाराला टेकवून ठेवली.

फादर योना

सकाळी स्वयंपाकघरात आलो तर चुलीजवळ एक म्हातारा बसलेला. कातडी मेणासारखी पिवळट पातळ, दाढी छातीवर आलेली, डावा हात एकसारखा थरथरणारा. बोटांत काळ्या लोकरीची गाठीगाठींची जपमाळ. छावणीत ती काढून घेत, तेव्हा ते पायमोज्याचा दोरा ओढून नवी गाठवत, असं मदरनी मला सांगितलं होतं. मदर स्वतः भांबावून उभ्या होत्या. ते आपणहून, भिंत धरत धरत आले होते. मला भेटायला.

मी सवयीने वाकून पायाला हात लावला. त्यांनी पाय चटकन मागे घेतले, मग त्या मोठ्या दुमडलेल्या तुमानीकडे पाहून किंचित हसले. पुढचं सगळं बोलणं ते रशियनमध्ये बोलले आणि मदरनी मला इंग्रजीत सांगितलं.

"तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"या, म्हणालो. आत या."

"कोण आहे हे कळण्याआधी?"

"आमच्याकडे तशीच रीत आहे, फादर. दिवेलागणीला आलेल्याला आधी या म्हणायचं."

"आणि वाईट माणूस आला तर?"

मी त्यांना हाकामारीची गोष्ट सांगितली. फुल्यांची, आणि आईने फुली न मारू दिल्याची. त्यांनी दोनदा थांबवून आईचं वाक्य मदरकडून परत ऐकलं.

"मग तुमच्या दारी कोणी आलं?"

"नाही. कोणीच नाही."

"काल आला का तो तुमच्या खोलीत?"

"नाही, फादर."

"नाहीच येणार," ते म्हणाले. "त्याने तुम्हाला विचारलं नव्हतं."

मी चुलीच्या आणखी जवळ सरकलो.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. मठ बंद झाल्यावर ते एका गावात एका बाईच्या माळ्यावर लपून राहिले होते. चार म्हाताऱ्या संध्याकाळी गुपचूप प्रार्थनेला येत. ते तिथे आहेत हे मठातल्या एकालाच माहीत होतं, अलेक्सेई नावाच्या साधूला. मठात दोघांत मिळून एकच गरम कोट होता, आळीपाळीने घालायचे. एका संध्याकाळी माळ्याच्या दारावर थाप पडली. अलेक्सेईच्या आवाजात सबंध प्रार्थना म्हटली गेली. यांनी आमेन म्हटलं. दार उघडलं, तर अलेक्सेईच्या मागे शिपाई.

"त्याला एक शब्द गाळता आला असता," फादर योना म्हणाले. "मला लगेच कळलं असतं. मागे खिडकी होती. त्याने एकही शब्द गाळला नाही."

पुढे छावणीत बातमी आली. अलेक्सेईच्या लहान बहिणीला उचलून नेण्याची धमकी दिली होती. आणि त्याच हिवाळ्यात तो नदीच्या कच्च्या बर्फावर चालत गेला होता, त्या कोटासकट.

"त्यानंतर तो येऊ लागला. छावणीत, बराकीच्या दारावर. मी मूर्खपणाने एका डॉक्टरला सांगितलं, मला थाप ऐकू येते. मग वेड्यांचं इस्पितळ, सुया. सुया टोचल्या की हात हलेना, जीभ हलेना, पण थाप ऐकू यायचीच." थरथरता हात त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला. "पोलिसांना मी केव्हाच क्षमा केली. ते सोपं होतं, ते परके होते. याला मी अजून दाराबाहेर ठेवलंय. सगळ्यांनाच ठेवलं, म्हणजे याला एकट्याला ठेवलं असं वाटू नये."

मदर अ‍ॅनांचा आवाज हे सांगताना फुटला. इतकी वर्षं त्या ज्या दाराबाहेर थांबल्या होत्या ते त्यांच्यासाठी बंद नव्हतंच, हे त्यांना माझ्याबरोबरच कळत होतं. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर त्या बर्फावरून चालत गेलेल्या माणसासाठीही.

फादर उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले. मदरनी सांगितलं, "म्हणाले, तुझ्या आईसाठी मी मेणबत्ती लावीन."

पुन्हा तिन्हीसांज

त्या दिवशी आम्ही तिघंही चारच्या सुमाराला स्वयंपाकघरात होतो. कोणी तसं ठरवलं नव्हतं. बाहेर पान हलत नव्हतं, धुकं खिडकीला टेकलं होतं. हान्सने मेण वितळवायला ठेवलं होतं. बोळाचं दार उघडं होतं.

पावलं आली. तशीच, ओढत. हान्सने मान वर केली. पावलं स्वयंपाकघराच्या दारावरून पुढे गेली, आणि मी शपथेवर सांगतो, त्या उघड्या दारातून आम्हाला कोणी जाताना दिसलं नाही. ओल्या लोकरीचा वास तेवढा आत आला. मग टोकाला थाप. मग तो आवाज, शांत, एक एक शब्द उच्चारत, न गाळता, शेवटपर्यंत.

मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर एकही नाव आठवेना.

मग आतून, म्हाताऱ्या, चिरक्या आवाजात, "आमेन."

कडी वाजली. दार करकरत उघडलं. हान्सने डोक्यावरची टोपी काढली. मेण उतू जाऊन चुलीवर सांडत होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

मदर अ‍ॅना बोळात गेल्या, मी मागोमाग, कारण स्वयंपाकघरात थांबण्याची छाती नव्हती. फादरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तरी त्या थांबल्या. थाप मारली, प्रार्थना म्हटली, आणि वाट पाहिली.

"आमेन," आतून आलं, जरा चिडल्यासारखं, इतका वेळ काय करतेस अशा सुरात.

इवलीशी खोली. एक खाट, एक तसबीर, एक पेटती मेणबत्ती, खाटेशी एक स्टूल. फादर योना खाटेवर आडवे होते, चेहरा भिंतीकडे नव्हे, स्टुलाकडे. मदर लगबगीने गेल्या आणि स्टूल ओढून बसणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि दोनच शब्द बोलले. मदर जागच्या जागी थिजल्या, मग हळूच खाली जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, ते म्हणाले होते, "तिथे बसलाय."

मदरनी त्यांचा हात हातात घेतला. तो थरथरायचा थांबला होता. मी उंबऱ्यावरून परत फिरलो. त्या मात्र तशाच जमिनीवर बसून राहिल्या. उजाडल्यावर बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "गेले. मी तिथे होते." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात आल्या, हात धुतले, आणि गहू निवडायला घेतले.

मेलेल्या माणसासाठी ते लोक उकडलेल्या गव्हांत मध आणि मनुका घालून शिजवतात, थेट आमच्या गव्हाच्या खिरीसारखं. मध हान्सचाच होता. बेसनाचे लाडू मदरनी स्वतःहून त्या ताटाशेजारी मांडले. दुपारपर्यंत शहरातून काही भाविक आले आणि गोठ्यात आळीपाळीने स्तोत्रं वाचायला बसले. साधूचा चेहरा झाकून ठेवतात, म्हणून मला शेवटचे दिसले ते त्यांचे हातच.

तिसऱ्या प्रहरानंतर वारं सुटलं. समुद्र परत आला होता, बांधापलीकडून त्याचा घोष ऐकू येत होता. छपराच्या कौलांखालून शिट्या वाजत होत्या, तुळया कुरकुरत होत्या, बोळातली खिडकी धडधडत होती. उजेड विटला. आम्ही तिघं पुन्हा स्वयंपाकघरात बसलो होतो, गव्हाच्या पातेल्याभोवती, बोळाचं दार उघडं ठेवून. वेळ झाली, आणि टळून गेली. पूर्ण अंधार झाल्यावर मदरनी उठून दिवा लावला.

हान्स छताकडे बघत होता. त्याची टोपी अजून हातातच होती.

"वारा तर आज आहे," तो म्हणाला.